पंधरा फूट वायरवाला थर्मामीटर: साडेतीन तारे

१४ डॉलरला ऑनलाइन घेतला. तळहातात मावेल एवढी डबी, तिला पंधरा फूट वायर आणि टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर. खोक्यावर फिशटँकचं चित्र आहे, म्हणजे बनवणाऱ्याच्या डोक्यात गळाने बास मासे धरणं नव्हतंच. मी वायरीला शिशाचा तुकडा बांधला, दर फुटावर लाल नेलपॉलिशची खूण केली (बाटली बायकोची, तिला अजून पत्ता नाही) आणि मार्चच्या पहिल्या शनिवारी कायाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन डॅलसहून लेक फोर्क तलावावर गेलो.

मी मूळचा रायगडचा. आमच्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे चढणीला लागतात, त्याला वलगण म्हणतात. काका आभाळ बघून सांगायचे, आज रात्री टॉर्च काढा. इथे टेक्सासात लार्जमाउथ बासला पुराशी देणंघेणं नाही, तो पाण्याची ऊब बघतो. ५५ फॅरनहाइटच्या आसपास मासे खोल पाण्यातून काठाकडे सरकायला लागतात. ६० झालं की नर दोन ते आठ फूट पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल खळगं करतो, मादी येऊन अंडी घालते आणि निघून जाते. राखण नराकडे.

आता बोटवाले म्हणतील, आमच्या सोनारवर (ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्रावर) तापमान दिसतं की. दिसतं, पण ते वरच्या पाण्याचं. या डबीची खरी किंमत मला तिथेच कळली. त्या दिवशी मोकळ्या तलावात वर ५४ होतं. उत्तरेकडच्या एका खाडीत शिरलो. तिथे उत्तरेचा वारा अडतो, दिवसभर ऊन पडतं आणि तळाला काळा चिखल. वर ६१! खूश होऊन गळ टाकणार, तेवढ्यात वायर सोडली, तर तीन फुटांवर ५६. वरचा ऊबदार थर म्हणजे नुसती साय. सकाळभर एकही चावा नाही. दुपारी तीनला त्याच जागी पुन्हा वायर सोडली, तीन फुटांवर ६० भरलं होतं. आणि बुडालेल्या एका बुंध्याशी गळाला लावलेला हिरवा प्लॅस्टिकचा सरडा टाकला तो दुसऱ्याच खेपेला ओढला गेला.

साधारण दोन पौंडांचा नर. शेपटीची खालची कड झिजून लालभडक झालेली, रक्त आल्यासारखी. खळगं झाडून झाडून होतं तसं. फोटोच्या भानगडीत न पडता तिथेच सोडला, कारण नर हलला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. त्या खळग्यात अंडी होती की नव्हती, पाणी गढूळ असल्याने दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात थंड वाऱ्याची लाट आली. त्याच खाडीत तीन फुटांवर ५३. आकडा बघितला, सरडा डब्यातच ठेवला आणि खाडीच्या तोंडाशी बारा फूट पाण्यात जिग (वजन लावलेला गळ) घेऊन बसलो. दोन मिळाले. एरवी मी हट्टाने काठालाच दिवस घालवला असता.

आता तक्रारी. बर्फाच्या पाण्यात ३२ दाखवायला हवं तिथे हा ३४ दाखवतो (वरचे आकडे मी दोन वजा करूनच लिहिलेत). भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, टोपीच्या सावलीत धरावी लागते. फॅरनहाइट-सेल्सिअसचं बटण इतकं हलकं आहे की खिशात आपोआप दाबलं जातं. एकदा १३ आकडा बघून माझ्याच काळजात गारठा भरला. सेन्सर स्थिर व्हायला चांगलं मिनिटभर लागतं, तेवढ्यात वाऱ्याने कायाक सरकते, म्हणून नांगर टाकूनच मोजा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरीचं झाकण. दुसऱ्याच फेरीत आत पाणी गेलं, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवून वाचवला. विकणाऱ्याला मेल केला, तर उत्तर आलं की डबी पाण्याजवळ वापरू नये.

पाण्याच्या थर्मामीटरला!

सोनार असलेली बोट असेल आणि पैसे असतील तरी हा घ्या, खोल पाण्याचं तापमान इतक्या स्वस्तात दुसरं काही सांगत नाही. फक्त घेतल्या दिवशी झाकणावर इलेक्ट्रिकची काळी टेप मारा. माझ्या डबीवर तीन थर आहेत.