पल्सर १५० ला पूर्ण क्लच सेट टाकून आठ महिने झाले

माझी पल्सर १५० आहे २०१६ ची. मागच्या दिवाळीत बायकोला मागे घेऊन पसरणी घाट चढत होतो. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आरपीएमचा काटा सर्रकन वर जायचा आणि स्पीडचा काटा मात्र जागचा हलायचा नाही. पाचगणीत थांबलो तेव्हा इंजिनाजवळ जळकट वास येत होता.

वाई-सातारा सपाट रस्त्यावर यातलं काहीच जाणवलं नव्हतं. क्लच घसरायला लागला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचेनाशी झाली, की तो आधी वरच्या गिअरला, ओझं आणि चढ असताना कळतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी चांगली ओढते, म्हणून आपण कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या मागे लागतो. माझं अ‍ॅव्हरेज ४५ वरून ३८ वर आलं होतं, तरी महिनाभर मी एअर फिल्टरच साफ करत राहिलो.

पहिल्यांदा जे केलं ते चुकलं. दुकानातून फक्त फ्रिक्शन प्लेटा (क्लचमधल्या घर्षणाने पकड घेणाऱ्या चकत्या) आणल्या, त्याही सुट्या, पाकिटावर नाव-नंबर काही नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने तासाभरात बसवून दिल्या. ऑइल कुठलं ओतलं ते मी विचारलं नाही. हजार किलोमीटरच्या आत खंबाटकीला पुन्हा तेच.

मग साताऱ्यात एका जुन्या फिटरकडे गेलो. काकांनी कव्हर उघडण्याआधी क्लच लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिला. "दादा, केबलला मोकळीक कुठाय? क्लच अर्धा दाबलेलाच राहतोय की हा," म्हणाले. केबल सैल केली, थोडा फरक पडला, पण घसरणं थांबलं नाही. तेव्हा ऑइल काढून उजव्या बाजूचं कव्हर खोललं.

पुढचं मी शेजारी बसून पाहिलं. नव्या फ्रिक्शन प्लेटा काळ्या पडून गुळगुळीत झालेल्या. त्यांच्या मधल्या स्टील प्लेटा, ज्या मी बदलल्याच नव्हत्या, त्यांच्यावर निळे-जांभळे डाग. काकांनी त्यातली एक जाड काचेवर ठेवली आणि कडेला बोटाने दाबली. टक्‌टक् वाजली, म्हणजे प्लेट वाकलेली. मग जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगेशेजारी उभी केली, तर जुनी स्पष्ट बुटकी. अशा स्प्रिंगा प्लेटा घट्ट आवळणार कशा? वर वाकलेलं स्टील नव्या प्लेटेला सगळीकडून टेकत नाही. जिथे टेकतं तिथेच घासतं, तापतं, आणि नवी प्लेटही जाळतं.

तेव्हा कंपनीचा पूर्ण सेट घेतला: फ्रिक्शन प्लेटा, स्टील प्लेटा, स्प्रिंगा आणि कव्हरचं पॅकिंग. पार्ट नंबर गाडीच्या मॉडेल आणि सालाशी ताडून घेतला, कारण पल्सर इतक्या प्रकारच्या आहेत की नुसतं 'पल्सरच्या प्लेटा द्या' म्हणून चालत नाही. क्लचच्या डब्याच्या, म्हणजे ज्यात या प्लेटा बसतात त्याच्या, खाचांवरून काकांनी नख फिरवलं. प्लेटांनी पाडलेले खड्डे बारीक होते, कानशीने साफ झाले. खोल असते तर डबाही बदलावा लागला असता, नाहीतर प्लेटा त्यात अडकून क्लच झटके देतो. मी हेवी ड्यूटी स्प्रिंगांचं विचारलं, ते नको म्हणाले. स्टॉक, म्हणजे काही फेरफार न केलेल्या, इंजिनाला त्यांची गरज नाही, उगाच लिव्हर जड होतो आणि केबलवर ताण येतो. माझी रोजची ये-जा गर्दीतून असते, त्यामुळे हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

फ्रिक्शन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवल्या, सकाळी बसवल्या. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. ऑइल २०डब्ल्यू-५०, डब्यावर जॅसो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या बाइकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घेतलं. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, ते क्लचला मारक.

पहिला आठवडा थोडा त्रास झाला. सकाळी पहिला गिअर टाकला की गाडी हलका धक्का द्यायची, सिग्नलला न्यूट्रल सापडायचा नाही. केबलची मोकळीक या वेळी जरा जास्त राहिली होती. ती कमी केली आणि न्यूट्रल लगेच मिळू लागला. पहिले पाचशे किलोमीटर मी गाडी जोरात पळवली नाही, हाफ क्लचवर धरून ठेवली नाही.

आता साडेनऊ हजार किलोमीटर झाले. पसरणी चार वेळा चढलो, दोनदा डबलसीट. अ‍ॅव्हरेज ४५-४६ वर परत आलंय. पाचव्या गिअरला चाळीसच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून बघतो. दोन्ही काटे सोबतच चढतात.

पैशांचं म्हणाल तर पूर्ण सेट सुट्या प्लेटांपेक्षा महाग पडतोच. पण मी मजुरी दोनदा दिली, पॅकिंग दोनदा घेतलं, ऑइल दोनदा भरलं, आणि पहिल्या प्लेटा भंगारात गेल्या. तुमची गाडी घाटात घसरत असेल तर आधी केबलची मोकळीक बघा, ऑइल कुठलं आहे ते बघा. त्याने भागलं नाही तर कव्हर एकदाच उघडा, आणि स्टील प्लेटा काचेवर ठेवून घेतल्याशिवाय परत बसवू देऊ नका.