सरकारी, कंत्राटी की खासगी? नर्सिंगची पहिली नोकरी निवडताना

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडली की घरचे एकच विचारतात, "सरकारीत कधी लागणार?" प्रश्न रास्त आहे. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून. महागाई आणि घरभाडे भत्ता वेगळा. खासगीत फ्रेशरला असा आकडा क्वचितच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की, २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारीइतका पगार द्यावा आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही तो २०,००० च्या खाली नसावा. शिफारसच ती. मुलाखतीत विषय काढून बघा, एचआरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कामाचा भार मात्र सरकारीत जास्त. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकाऊ रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असा आहे. मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डात नाइटला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेताना खाटा भरलेल्या असतात, मधल्या वाटेत गाद्या टाकलेल्या असतात आणि ड्युटीवर दोघीच. दहाची इंजेक्शनं संपेतो बारा वाजतात, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून नवा पेशंट वर येतो. मदतीला मावशी एक, तीही दोन वॉर्डांना मिळून. पण हात इथेच बसतो. शीर सापडत नाही ही भीती पहिल्या काही आठवड्यांतच जाते.

मोठ्या खासगी रुग्णालयात पेशंट कमी, लिहिणं जास्त. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाची मान्यता, असेल तर प्रत्येक नोंदीला वेळ आणि सही लागते. आयसीयूचं शिक्षण चांगलं मिळतं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आली नाही की डबल ड्युटी ठरलेली, तिचे पैसे मिळतात की नुसती बदली सुट्टी, हे रुजू होण्याआधीच विचारा. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडपोटी मूळ प्रमाणपत्रं मागत असतील तर सरळ नाही म्हणा.

कंत्राटी नोकरीत, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या ठिकाणी, काम कायमस्वरूपी सिस्टरइतकंच आणि करार बहुधा अकरा महिन्यांचा. आपल्याच तालुक्यात राहायचं असेल तरच ती सोयीची.

बाळंतपणाची रजा सरकारीत १८० दिवस. खासगीतही कायद्याने २६ आठवडे पगारी, मात्र आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी विमा, मिळायला हवं, पीएफ कापला जातो का तेही पगाराच्या स्लिपवर बघा. सरकारी म्हणजे पेन्शन, हा हिशेब मात्र जुना झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीला राज्याची जुनी पेन्शन नाही.

माझं मत विचाराल तर जीएनएमवाल्यांनी, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी, घराजवळच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमला भुलू नये. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेसाठी त्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बीएस्सीला ही अट नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून अभ्यासाला लागावं. बाकीच्यांनी मोठं खासगी रुग्णालय धरावं आणि सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्यावी.