म्युच्युअल डिव्होर्ससाठी केलेल्या वकील मॅडम, वर्षभरानंतर

ज्यांना नवऱ्याला कोर्टात रडवायचंय त्यांनी या मॅडमकडे जाऊच नका, पैसे वाया जातील. आधीच्या वकिलाने मला क्रुएल्टीचा, म्हणजे छळाच्या आरोपांचा, चांगला जाडजूड ड्राफ्ट करून दिला होता, सासूच्या टोमण्यांसकट. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या हे सगळं ठीक आहे पण मुलगी कुणाकडे राहणार आणि फ्लॅटचे हप्ते कोण भरणार ते यात कुठंय?

मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली म्युच्युअलच, म्हणजे दोघांच्या संमतीने, करायचं ठरलं, पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात. मी म्हटलं दोघांचे वकील तुम्हीच व्हा, खर्च वाचेल, तर सरळ नाही म्हणाल्या, त्याला त्याचा वकील करू दे, उद्या फसवून सही घेतली असं कुणी म्हणायला नको. मला हे पटलं.

मिडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थासमोरच्या तडजोडीच्या बोलण्यात, मॅडम जवळजवळ गप्पच. मिडिएटरने आधी दोघांना एकत्र बसवलं, मग वेगवेगळं, आणि इथलं बोलणं पुढे केसमध्ये वापरता येत नाही हे आधीच सांगितलं, त्यामुळे नवराही जरा मोकळा बोलला. मला मात्र राग येत होता की फी घेऊन ही बाई बोलत का नाही!! पण पोटगीचा आकडा आला तेव्हा मॅडमनी शांतपणे नवऱ्याचं ॲफिडेव्हिट पुढे सरकवलं, पगार, पीएफ, शेअर्स, लोन सगळं. 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोटगीच्या भांडणात हे द्यावंच लागतं, आमचं म्युच्युअल असूनही त्यांनी दोघांकडून भरून घेतलं होतं. आकड्यावरची घासाघीस तिथेच संपली.

खरं काम कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, दिसलं. गणपतीत लेक कुठे, दिवाळीचे कुठले दिवस कुणाकडे, पासपोर्ट कुणाजवळ, शाळेची फी किती तारखेपर्यंत, सगळं लिहून. पैशांचा डीडी शेवटच्या तारखेला कोर्टातच घ्यायचा, आधी वायदा नको. अर्ज केल्यावर 6 महिने थांबायची अट सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालामुळे माफ होऊ शकते, आम्ही दोन वर्षांपेक्षा जास्त वेगळे राहत होतो म्हणून अर्ज टाकला, पण जज देतीलच असं नाही हे त्यांनी आधी बजावलं. माफी मिळाली.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला दोन दोन दिवसांनी "बघते". बऱ्याच तारखांना ज्युनियर येतो, त्याला माझी फाईल धड माहीत नसायची, मीच त्याला समजावत बसायचे. फी टप्प्याटप्प्याने घेतात, पण झेरॉक्स-नोटरी वेगळी धरायची हे कुणी सांगत नाही.

घरात मारहाण असेल तर मात्र त्या मिडिएशनचं नाव काढत नाहीत, आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज. आणि ज्यांना फी झेपत नाही त्या बायकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेही मला मॅडमनीच सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता.

डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम, हातात आहे, फ्लॅट अजून अडकलाय. डिक्री झाली म्हणून बँक लोनवरून नाव काढत नाही, हक्कसोड पत्र रजिस्टर करायचं, बँकेची एनओसी आणायची. त्याची फी वेगळी सांगितलीय, घासाघीस चालू आहे.