फुकटचा एनडी फिल्टर आणि २७ हजारांची लेन्स

जुनी लेन्स बघायला गेलात आणि विकणारा म्हणाला की सोबत एनडी फिल्टर (लेन्सच्या तोंडावर चढवायची, प्रकाश कमी करणारी काळी काच) फुकट देतो, तर आधी तो फिल्टर काढायला लावा. जाम झालाय, निघत नाही, असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. मला ही गोष्ट २७ हजारांना पडली. तो माणूस अजून गोव्यातच कुठेतरी गिऱ्हाईक शोधत असणार, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

माझ्याकडे कॅननचा ८०डी कॅमेरा आहे. काम फोंडा-डिचोली भागातलं: मुंजी, लग्नं, जत्रा, भजनं, हौशी मंडळींची नाटकं. एकट्याने शूट करताना लेन्स बदलत बसायला वेळ नसतो, पालखी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे सगळीकडे चालेल अशी एकच लेन्स हवी होती. कॅननची १८-१३५ एसटीएम (हे आकडे झूमचा पल्ला: लहान आकड्याला दृश्य रुंद, मोठ्याला लांबचं जवळ) हलकी, स्वस्त, फोकसचा आवाज जवळजवळ नाही. नवशिक्याला मी आजही तीच सुचवीन. पण झूम करत गेलं की तिचं अ‍ॅपर्चर ३.५ वरून ५.६ वर जातं, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक बारीक होतं (‘एफ/’ पुढचा हा आकडा मोठा तितकं भोक लहान). फोटोत ते खपतं. व्हिडिओत मात्र चालू शॉटमध्येच चित्र काळवंडतं. सिग्माची १८-३५ एफ/१.८ रात्रीच्या नाटकाला एक नंबर, पण तिला स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही आणि ३५ ला तिचा पल्ला संपतो. १७-५५ एफ/२.८ चांगलीच आहे, पण शेवटच्या रांगेतून नटाच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नाही.

राहिली कॅननच्या वरच्या दर्जाच्या ‘एल’ मालिकेतली २४-१०५ एफ/४ एल. २००५ साली आलेली, त्यामुळे वापरलेल्या मालात सहज मिळते. पूर्ण झूमभर अ‍ॅपर्चर ४, आत स्टॅबिलायझर, आणि ८०डीच्या लहान सेन्सरवर साधारण ३८ ते १६८ एवढा पल्ला. देवखोलीतली अख्खी माटोळी (चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) तिच्यात मावत नाही, तेवढ्यापुरती जुनी १८-५५ पिशवीत ठेवायची. निवड विचार करून केली होती आणि आजही ती मला बरोबरच वाटते. खोट होती ती मला मिळालेल्या नगात.

जाहिरात ऑनलाइन पाहिली. एल लेन्स, कंडिशन चकाचक, ७७ एमएमचा एनडी फिल्टर फुकट, जहाजावर जातोय म्हणून तातडीने विकणे. गोव्यात हे जहाजाचं कारण फार चलाखीने निवडलेलं आहे. आपल्याकडे वाड्यावाड्यावर एखादा तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असतो; तो जायच्या आधी बाइक विकतो, फ्रिज विकतो, कुणाला काही वावगं वाटत नाही. भाव कमी का, घाई का, नंतर फोन का लागत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका कारणात आयती मिळतात.

भेटायचं ठरलं पणजीला, बेतीच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ, भर दुपारी. पंचविशी-तिशीचा मुलगा, बोलायला गोड. “पात्रांव (साहेब), परवां फ्लायट आसा, नाहीतर मी ही विकलीच नसती.” लेन्स हातात दिली ती फिल्टर चढवलेलीच. काढायला गेलो तर हलेना. “मिठाच्या हवेने जाम झालाय, घरी रबरबँड लावून फिरवा, निघेल.” मग माझाच कॅमेरा मागून घेतला आणि भराभर सेटिंग लावलं: मॅन्युअल, २५ फ्रेम, शटर १/५०, अ‍ॅपर्चर एफ/४. मांडवीतली फेरी, पलीकडचे कॅसिनो, धक्क्यावरच्या मावशींची टोपली, सगळं त्याने मला शूट करून दाखवलं. मागची गर्दी सुरेख धूसर. “सिनेमॅटिक लूक पाहिजे तर एफ/४ सोडायचंच नाही.” हे वाक्य व्हिडिओ करणारा कुणीही मान डोलवून ऐकेल, कारण ते अर्धं खरं आहे.

आता यातली मेख बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांखाली चित्र लुकलुकू नये म्हणून २५ फ्रेमला शटर १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवायचं हा रोजचा शिरस्ता. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवला तरी १/५० ला अ‍ॅपर्चर एफ/२२ च्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे उन्हात कुठलीही लेन्स तपासताना आतल्या पाकळ्या (ते भोक लहान-मोठं करणारी पाती) मिटवाव्याच लागतात, आणि त्या मिटत नसतील तर तिथल्या तिथे कळतं. पाचेक स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडी लावला की तीच लेन्स उन्हात एफ/४ ला उघडी ठेवून वापरता येते. पाकळ्यांना हात लावायची गरजच उरत नाही. शिवाय काळ्या काचेतून आतलं काही दिसत नाही, टॉर्च मारा नाहीतर काही करा. एका फिल्टरखाली दोन दोष झाकले होते.

पैसे रोख मागितले, जहाजावर जायच्या आधी हातात पाहिजेत म्हणून.

घरी रुंद रबरबँड लावून फिल्टर काढला. निघाला सहज. (जाम असलेली वस्तू इतक्या सहज निघते का, याचा विचार तुम्हीच करा.) मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने धरली तर पुढच्या काचेच्या आत कडेला बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक पांढरी. फोन केला तर हसला, “गोव्यात कुठल्या लेन्सला बुरशी नाही?” तेही अर्धं खरंच. पुढच्या शनिवारी एका नाटकाचं शूट होतं. रंगमंचाच्या उजेडात एफ/४ सोडायचं कारणच पडलं नाही, पूर्ण प्रयोग व्यवस्थित आला.

मग जत्रेचा दिवस. पालखी देवळाबाहेर आली, ऊन टळटळीत, सगळी माणसं फोकसमध्ये हवीत म्हणून अ‍ॅपर्चर एफ/११ ला नेलं. कॅमेरा थबकला. स्क्रीनवर ‘एरर ०१’: कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क नीट होत नाही, लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा. मी पुसले. बंद-चालू केला, बॅटरी काढून घातली, तोवर ढोल-ताशे पुढे गेले होते. विक्रेत्याला मेसेज टाकला तर त्याचा सल्लाही तोच: “कॉन्टॅक्ट साफ कर रे, खोडरबर मार.” कॅमेराच जेव्हा पुसा म्हणतो तेव्हा माणूस आठवडाभर पुसत बसतो, आणि त्याला तेवढाच वेळ हवा होता. त्यानंतर नंबर बंद.

दुरुस्ती करणाऱ्याने लेन्स हातात घेताच विचारलं, उघड्या अ‍ॅपर्चरला चालते ना? अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांना सिग्नल पोचवणारी एक पातळ फ्लेक्स केबल आत असते. झूम फिरवला की ती वाकते, आणि वर्षानुवर्षं वाकून शेवटी तुटते. २४-१०५ च्या या पहिल्या आवृत्तीचं हे प्रसिद्ध दुखणं आहे. पाकळ्या मुळात उघड्याच असतात, म्हणून एफ/४ ला काही कळत नाही. व्ह्यूफाइंडरमधून बघतानाही कळत नाही, कारण फोटोच्या वेळी पाकळ्या मिटतात त्या शटर दाबल्यावरच. केबल बदलायचे साडेसहा हजार आणि बुरशी साफ करायचे वेगळे.

त्याने दाखवलेली तपासणी दोन मिनिटांची आहे. लेन्सवरून फिल्टर, हूड, सगळं काढायचं. मॅन्युअल मोडला एफ/१६ लावायचं आणि माउंटशेजारचं (लेन्स बसते त्या कड्याजवळचं) डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण, म्हणजे फोटो न काढताच पाकळ्या मिटवणारं, दाबून समोरून लेन्समध्ये बघायचं. पाकळ्या मिटून मधे बारीक भोक दिसलं पाहिजे, आणि ते २४, ३५, ५०, ७०, १०५ प्रत्येक खुणेवर बघायचं, कारण केबल अर्धवट तुटलेली असेल तर एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी दगा देते. मग व्हिडिओ मोडला जाऊन एफ/४ ते एफ/२२ पर्यंत चक्र फिरवायचं आणि सोबत झूमही. शेवटी लेन्स काढून मागून टॉर्च. कॅमेऱ्यावरून काढली की पाकळ्या उघड्याच राहतात, प्रकाश आरपार जातो. आपल्या दमट हवेत किरकोळ धूळ सोडून द्या, पण जाळी दिसली की भाव निम्म्यावर आणा नाहीतर उठा.

आता पैशांचं. ग्राहक आयोगाकडे जायचं डोक्यात आलं होतं, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंदा म्हणून विकणाऱ्याला लागतो. घरची वस्तू एकदा विकणारा त्यात येत नाही. दोष माहीत असून मुद्दाम लपवला तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती फसवणूक ठरते, पण त्याला ते माहीत होतं हे दाखवायला लेखी काहीतरी लागतं. माझ्याकडे रोखीचा व्यवहार आणि ‘खोडरबर मार’ हा मेसेज. तेवढ्यावर फार काही होत नाही.

म्हणून आता जुनं काही घेताना भेटायच्या आधीच मी एक मेसेज पाठवतो: “सगळी अ‍ॅपर्चर सगळ्या झूमवर चालतात, आत बुरशी नाही, लेन्स उघडलेली नाही, हे बरोबर ना?” आणि पैसे यूपीआयने, लेन्सचा सीरियल नंबर टाकून. बरेच जण हा मेसेज वाचून गप्प होतात. मधे एक ५० एमएम घेताना मडगावच्या एकाने उलट उत्तर पाठवलं: बुरशी नाही, पण फोकस रिंग थोडी सैल आहे, ५०० कमी द्या.