मेल ब्राउझरमध्ये वापरावा की थंडरबर्डमध्ये?

आमच्या सोसायटीचे नवे खजिनदार परवा लॅपटॉप घेऊन घरी आले. त्यांच्याकडे जीमेलची तीन खाती आहेत: सोसायटीचं, स्वतःचं, आणि लेकीच्या नोकरीच्या अर्जांसाठी उघडलेलं. एका टॅबमधून दुसऱ्या टॅबमध्ये जाता जाता थकबाकीदारांची यादी त्यांच्या खासगी पत्त्यावरून गेली होती. ‘थंडरबर्ड टाकून घेऊ का?’ असं ते विचारत होते. दोन्ही प्रकार मी रोज वापरतो, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. जीमेल हे खातं आहे आणि थंडरबर्ड हा प्रोग्राम. आहे तेच खातं तो तुमच्या संगणकावर आणून दाखवतो. पत्ता बदलावा लागत नाही, पैसे पडत नाहीत. जोडताना गूगलचीच लॉगिनची खिडकी उघडते, त्यामुळे दोन टप्प्यांची पडताळणी एकदा चालू केली की ती दोन्हीकडे लागू होते. स्पॅमही गूगलच्या सर्व्हरवरच वेगळं काढलं जातं, त्यामुळे तिथेही फार फरक नाही.

फरक सुरू होतो तो संगणक कोणाचा आहे इथून. सायबर कॅफे, ऑफिसातला सामाईक पीसी, पाहुण्यांचा लॅपटॉप अशा ठिकाणी ब्राउझरच, तोही खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत, आणि उठताना साइन आउट. विसरलात तरी घरी येऊन गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइस’ उघडून त्या संगणकावरून स्वतःला बाहेर काढता येतं. थंडरबर्डचं तसं नाही. उतरलेला मेल डिस्कवर पडून असतो, आणि त्याच विंडोज लॉगिनवर बसणारा कोणीही तो पासवर्डशिवाय वाचू शकतो. ‘प्रायमरी पासवर्ड’ची सोय आहे, पण ती साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावते, आधीच उतरलेल्या मेलला नाही. घरात एकच लॅपटॉप चौघं वापरत असाल तर आधी प्रत्येकाचं विंडोज लॉगिन वेगळं करा. ते होणार नसेल तर थंडरबर्ड घेऊच नका.

मेलची प्रत आपल्या हातात असते का, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नोकरीत माझा मेल पीओपी पद्धतीने उतरायचा. म्हणजे संगणकावर आला की सर्व्हरवरून पुसला जायचा. एका सकाळी हार्ड डिस्क बसली आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार गेला. हल्ली थंडरबर्ड आपणहून आयमॅप पद्धत सुचवतो, तीच ठेवा. पण आयमॅप हा आरसा आहे. फोनवर मेल पुसला की तो लॅपटॉपवरूनही जातो. नुसता थंडरबर्ड टाकला म्हणजे बॅकअप झाला, असं समजणारे मी कितीतरी पाहिले आहेत. खरी प्रत हवी असेल तर मेल निवडून उजवं क्लिक करायचं आणि ‘कॉपी टू’मधून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकायचा. नंतर प्रोग्राम बंद करून प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतो ते, पेन ड्राइव्हवर उतरवायचं. ब्राउझरवाल्यांनाही गूगल टेकआउटमधून सगळा मेल उतरवता येतो, फक्त ते आठवणीने करावं लागतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा लेकीच्या त्या तिसऱ्या खात्यातही अधूनमधून डोकवायला हवं.

फसव्या मेलच्या बाबतीत कुठलीही खिडकी तुम्हाला पूर्ण वाचवत नाही. मोठ्या पडद्याचा फायदा मात्र नक्की घ्या. फोनवर बहुधा पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, संगणकावर पूर्ण पत्ता. आयकर परताव्याचा मेल आला, तर लिंकवर क्लिक न करता माउस नुसता वर धरा. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. रेघेला लागून ‘गव्ह डॉट इन’ नसेल, तर आधी मध्ये कितीही वेळा ‘इन्कमटॅक्स’ लिहिलेलं असो, तो मेल पुसा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

कामाच्या वेगात दोघांचे गुण वेगळे आहेत. चुकून गेलेला मेल मागे घ्यायची सोय जीमेलमध्ये आहे. मुळात ती पाच सेकंदांची असते, सेटिंग्जमध्ये जाऊन तीस करा, आजच करा. थंडरबर्डमध्ये त्यासाठी अॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतो. १५ जीबी जागा भरत आली, तर जीमेलच्या शोधपट्टीतून १० एमबीपेक्षा मोठे मेल वेगळे काढून पुसता येतात. ही जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटलेली असते, हे बरेच जण विसरतात. उलट तीन खाती एकाच खिडकीत एकाखाली एक दिसणं, आणि उत्तर आपोआप त्याच पत्त्यावरून जाणं, ही थंडरबर्डची जमेची बाजू. नेट गेलं तरी जुने उतरलेले मेल वाचता येतात, उत्तरं लिहून आउटबॉक्समध्ये ठेवता येतात. गावाकडे राहणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

एकच खातं असेल आणि फोनवरच जास्त काम होत असेल, तर ब्राउझर सोडू नका, काही अडत नाही. खजिनदारांना मात्र मी थंडरबर्डच घ्या म्हटलं. त्यांचं विंडोज लॉगिन लेकीपासून वेगळं केलं, सोसायटीचं खातं यादीत सगळ्यांत वर ओढलं, आणि गेल्या तीन वर्षांचा पत्रव्यवहार ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकला. पेन ड्राइव्ह आता सोसायटीच्या कपाटात, लेखापरीक्षणाच्या फाइलीशेजारी आहे.