हॅलोज एन्ड: बादल्यांची फेरी आधी, घोडेस्वार नंतर

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधला हॅलोज एन्ड हा हॅलोविनचा इव्हेंट दरवर्षी १८ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा याच सुमारास दिवाळीची सुट्टी येते, त्यामुळे वेळेची अडचण नसावी. तरीही 'द हॅलोड' हे टायटल (कॅरेक्टरच्या नावाला लागणारा किताब) कित्येकांचं एका अचिव्हमेंटपायी (ठरावीक काम पूर्ण केल्याची नोंद) अडकून पडतं. कारण बहुतेक जण पहिल्या दिवसापासून बिनडोक्याचा घोडेस्वार या बॉसच्या मागे लागतात आणि कँडी बकेट, म्हणजे इनमधल्या (सरायांमधल्या) मिठाईच्या बादल्या, शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात.

या इव्हेंटचं खरं ओझं बकेटचंच आहे. मोठ्या अचिव्हमेंटसाठी ईस्टर्न किंग्डम्स, कालिमडोर आणि आउटलँड या तिन्ही ठिकाणची फेरी पूर्ण लागते. नॉर्थरेंड, पँडेरिया वगैरेंच्या अचिव्हमेंट वेगळ्या आहेत, त्या टायटलच्या आड येत नाहीत. प्रत्येक इनमध्ये जमिनीवर ठेवलेल्या बादलीवर क्लिक करायचं की काम झालं. इनच्या मालकाकडे, म्हणजे इनकीपरकडे, मात्र 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ मागणं) तासातून एकदाच करता येतं. नवे खेळाडू या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि उगाच तासभर थांबून राहतात. बकेटला असं काही बंधन नाही, फक्त ती आपल्या फॅक्शनची (अलायन्स किंवा होर्ड, यांपैकी आपली बाजू) किंवा न्यूट्रल हवी. शत्रूच्या गावातली बादली दिसली तरी उपयोगाची नाही. आउटलँडमध्ये शॅट्रॅथ आणि शॅडोमून व्हॅलीत आल्डोर किंवा स्क्रायर या गटांपैकी ज्यांच्याशी आपलं जमतं त्यांच्याच इनमध्ये जा.

बादली जागेवर नसेल तर तो बग नसतो. त्या भागाचा काळ पुढे सरकलेला असतो. टेल्ड्रासिल हा प्रदेश गेमच्या कथेत जळालेला आहे, त्यामुळे डोलानारची बकेट हवी असेल तर अलायन्सवाल्यांनी आधी डार्कशोरमध्ये झिडोर्मी या पात्राला भेटून जुना काळ मागून घ्यायचा. होर्डला टिरिसफालमध्ये ब्रिलसाठी तेच करावं लागतं आणि सिलिथसमधल्या सेनारियन होल्डसाठी दोन्ही बाजूंना. काम झालं की परत तिलाच सांगून आजच्या काळात या, नाहीतर पुढे त्या भागातले क्वेस्ट (कामगिऱ्या) देणारे गायब दिसतील. गेममध्ये याचा साधा इशाराही मिळत नाही, ही या इव्हेंटची सगळ्यात वाईट बाजू. इतकी वर्षं झाली, निदान बादलीपाशी एखादी पाटी तरी लावायची!

दिलासा एवढाच की एकदा टिक झालेलं ठिकाण पुढच्या वर्षीही टिकच राहतं. वर बकेट हा क्वेस्ट असल्यामुळे एक्सपीही (लेव्हल वाढवणारा अनुभव) मिळतो. म्हणजे लेव्हल वाढवायचं एखादं नवं कॅरेक्टर असेल तर ही फेरी त्याच्यावरच करणं शहाणपणाचं.

'सिनिस्टर कॉलिंग' या अचिव्हमेंटसाठी सिनिस्टर स्क्वॅशलिंग हा पेट (पाळीव सोबती) आणि हॅलोड हेल्म हे शिरस्त्राण लागतं. घोडेस्वाराकडून ते पडतील म्हणून वाट पाहत बसू नका. इव्हेंटच्या व्हेंडरकडे दोन्ही प्रत्येकी १५० ट्रिकी ट्रीट्सना (चलन म्हणून चालणारी इव्हेंटची मिठाई) मिळतात. बकेट आणि डेली क्वेस्ट मनावर घेतले तर ३०० ट्रीट्स सहज जमतात. उरलेल्या खायला ठेवा, कारण 'आउट विथ इट' या अचिव्हमेंटसाठी त्या एकामागून एक इतक्या खाव्या लागतात की कॅरेक्टर ओकतं. मधे थांबलात तर पोट बिघडत नाही आणि खाल्लेल्या ट्रीट्स फुकट जातात.

'द मास्करेड' या अचिव्हमेंटला जादूच्या कांड्यांनी मिळणारी सात रूपं लागतात: वटवाघूळ, भूत, लेपर नोम, निन्जा, समुद्री चाचा, सांगाडा आणि विस्प. सोबत चार माणसं असतील आणि प्रत्येकाकडे वेगळी कांडी असेल तर अर्ध्या तासात उरकतं. एकट्याने करायला गेलात तर आठवडा जातो. आगीतून गाव वाचवायच्या क्वेस्टचंही तसंच. गोल्डशायर किंवा रेझर हिलला गर्दी असेल त्याच वेळी जा. दोघा-तिघांनी पाण्याच्या बादल्या फेकून ती आग आटोक्यात येत नाही.

आता घोडेस्वार. स्कार्लेट मोनॅस्टरीच्या स्मशानातली ही लढत ग्रुप फाइंडरमधून (सोबती जुळवून देणारी सोय) क्यू लावून मिळते. लढाई दोन-तीन मिनिटांचीच. लूट-फिल्ड पंपकिन हा बक्षिसांचा भोपळा एका कॅरेक्टरला दिवसातून एकदाच मिळतो, त्यामुळे ऑल्ट (आपली इतर कॅरेक्टर) जितके जास्त तितक्या संधी जास्त. पण 'द हॉर्समन्स रेन्स' हा उडता घोडा इतका दुर्मीळ आहे की त्याच्यावर वेळापत्रक आखू नये. रोजचं मारून पुढे चला.

टायटल मिळवण्यासाठी इव्हेंट नक्की करावा, शिवाय जांभळा प्रोटो-ड्रेक हे उडतं वाहन मिळवून देणाऱ्या वर्षभराच्या इव्हेंटच्या यादीतही तो लागतोच. घोड्यासाठी मात्र नाही. पाचपैकी साडेतीन. झिडोर्मीचा घोळ मिटवला तर चार देऊ.