घरी उघडलेला पीएस ४ आता डिस्क घेत नाही: परत उघडायचा, लेन्स बदलायची, बर्डीला न्यायचा की डिजिटल व्हायचं?

नागपुरात मे लागला, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पीएस ४ गेमिंग कन्सोलचा फॅन बोंबलायला लागतो. मग यूट्यूब पाहून कोणीतरी घरीच उघडतो, फॅनमधला कचरा काढतो, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलतो, परत बंद करून चालू करतो, आवाज गायब, घरचे खूश, आणि रात्री गेम लावायला जातो तर ड्राइव्ह डिस्कच घेऊन नाही राहिला. इथून पुढे रस्ते चार. स्वतः परत उघडायचं, ऑनलाइन लेन्स (डिस्क वाचणारा लेझरचा भाग) मागवून टाकायची, बर्डीला म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात दुकानात द्यायचा, नाहीतर ड्राइव्हचा नाद सोडून डिजिटलवर, म्हणजे गेम डाउनलोड करून खेळण्यावर, जायचं. ओळखीत प्रत्येक रस्त्याचा एकेक कट्टर भक्त असतोच अन् तो तुम्हाला त्याच्याच रस्त्याने ओढतो.

माझ्या मते निवड करायच्या आधी एकच गोष्ट आठवायची. उघडायच्या आदल्या दिवशी ड्राइव्ह नीट चालत होता का? चालत असेल तर लेन्सवर पैसे टाकू नका, निदान आत्ता नका. फॅन साफ केल्याने लेन्स मरत नाही ना बाप्पा. पेस्टपर्यंत पोहोचायला ड्राइव्ह काढावा लागतो, त्याच्या स्ट्रिप (कागदासारख्या चपट्या वायरी) आणि साध्या वायरी काढाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. पण आधीपासूनच डिस्क तीन-चारदा आत-बाहेर करून वाचत होता, मधेच 'अनरेकग्नाइज्ड डिस्क' येत होतं, तर मग लेन्स आधीच थकलेली होती आणि तुमच्या स्क्रूड्रायव्हरचा तिच्याशी काही संबंध नाही. या दोन पेशंटचा इलाज वेगळा, खर्च वेगळा, पण दुकानात दोघांनाही 'लेन्स गेली भाऊ' हेच ऐकू येतं.

आता लक्षणं बघा, कारण यावरूनच अर्धं ठरतं. डिस्क तोंडाशी धरली, काहीच हालचाल नाही, मोटरचा आवाजही नाही, तर ड्राइव्हला पॉवर किंवा सिग्नल पोचत नाही, म्हणजे स्ट्रिप नाहीतर वायर. डिस्क आत ओढली, फिरली, थोडा वेळ घर्रघर्र केलं आणि ओळखलीच नाही, तर लेन्स, किंवा लेन्सची बारकी स्ट्रिप अर्धवट बसलेली. डिस्क अर्धी ओढून थुंकून टाकतो, तर रोलर नाहीतर गिअर, आणि हे मुख्यतः त्यांना होतं ज्यांनी नुसता कन्सोल नाही तर ड्राइव्हचं झाकणही उघडलं. आतला गिअर आणि सरकणारी पट्टी 'इजेक्ट'च्या जागेवर आणूनच झाकण बसवावं लागतं, नाहीतर सगळं एक-दोन दात पुढेमागे राहतं. आणि घासल्याचा करकर आवाज असेल तर दुसऱ्यांदा डिस्क टाकूच नका, आत एखादा स्क्रू सुटा पडलाय किंवा वायर डिस्कच्या वाटेत आलीय, गेमवर गोल ओरखडा बसला की तो जन्माचा.

एक टेस्ट मात्र फुकटात होते आणि ती लोक करत नाहीत. घरात पडलेली एखादी पिक्चरची डीव्हीडी लावून बघा (पहिल्यांदाच लावत असाल तर कन्सोल इंटरनेटला जोडून ठेवा). गेमच्या डिस्क ब्लू-रे असतात, त्या ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या लेझरने वाचल्या जातात, आणि डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरने. डीव्हीडी मस्त चालते आणि एकही गेम वाचत नाही, तर मोटर, रोलर, पॉवर सगळं ठीक आहे, संशय सरळ निळ्या लेझरवर. इथे लेन्स मागवायला माझी हरकत नाही. दोन्ही चालत नसेल तर आधी स्ट्रिप बघा. ऑडिओ सीडीने टेस्ट करू नका, पीएस ४ सीडी वाजवतच नाही, उगाच घाबराल.

सेफ मोडमधून (दुरुस्तीच्या मेनूतून) रीबिल्ड डेटाबेस करा असंही लोक सांगतात. कन्सोल बंद करून पॉवर बटण ७ सेकंद दाबायचं, दुसरा बीप आला की सोडायचं, यूएसबी वायरने कंट्रोलर जोडायचा, पाचवा पर्याय. एकदा करून बघायला पैसे लागत नाहीत, पण सुटलेली स्ट्रिप मेनूतून बसत नसते.

तर पहिला रस्ता, स्वतः परत उघडणे. खर्च जवळपास शून्य, कारण मध्ये भोक असलेला टॉर्क्स टी-८ स्क्रूड्रायव्हर तुमच्याकडे आहेच, तो नसता तर पहिल्यांदा उघडलं कसं असतं. पॉवरची वायर काढा, थोडं थांबा, ड्राइव्हची प्रत्येक स्ट्रिप काढून परत सरळ घाला. स्ट्रिप किंचित तिरपी बसली तरी वरून बसल्यासारखीच दिसते, म्हणून तिची कड सॉकेटला समांतर आहे का ते टॉर्च मारून बघा, टोकाचे धातूचे पट्टे काळे पडलेत का किंवा दुमडलेत का तेही बघा. जिथे बारकं लॉक आहे तिथे आधी लॉक उघडा, मग स्ट्रिप, मग लॉक, जोर लावून ढकलाल तर लॉकचा कान तुटतो आणि मग हा रस्ताच बंद. अजून एक नागपुरी अडचण, उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की अंगात स्टॅटिक सहज तयार होतं आणि लेझरच्या डायोडला त्याचाच धोका जास्त, त्यामुळे लेन्सच्या स्ट्रिपला हात लावायच्या आधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून घ्या आणि सिंथेटिक चादरीवर बसून हे काम करू नका. मग कूलरसमोर बसू का, तर तेही नको, ओली हवा आणि धूळ दोन्ही लेन्सवर जाऊन बसते. कन्सोल कायमचाच कूलरच्या झोतात ठेवणारे घरोघरी आहेत, त्यांच्या लेन्सवर तर धुळीचा चिकट थरच सापडतो.

तो थर पुसायला चांगलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि अगदी हलका हात. लेन्स केसासारख्या बारीक तारांवर लटकलेली असते, दाबली की वाकडी झाली समजा. ब्रशवाली क्लीनिंग डिस्क या ड्राइव्हमध्ये टाकू नका. आणि झाकण उघडं ठेवून कन्सोल चालू करून लेझर पेटतो का असं डोळा लावून तर कधीच बघू नका.

जुन्या फॅट मॉडेलवाल्यांना (पहिला जाड पीएस ४, पुढे स्लिम आणि प्रो आले) एक वेगळाच त्रास असतो, डिस्क नसतानाही आपोआप बीप-बीप करून इजेक्ट करत राहतो. त्याचं इजेक्ट बटण टचवालं आहे आणि त्याच्या खालचा रबरी पाय फुगून किंवा दाबला जाऊन कन्सोलला वाटतं की बोट लागलं. ज्यांनी नुकतंच खालचं कव्हर काढून बसवलं त्यांच्याकडे हे अचानक सुरू झालं तर ड्राइव्हला दोष देण्याआधी तो पाय काढून एकदा चालवून बघा, इथे लेन्स बदलणं म्हणजे सरळ पैसे पाण्यात. डिस्क आत अडकून बसली असेल तर मॅन्युअल इजेक्टचा स्क्रू कंपनीनेच दिलेला आहे, पॉवरची वायर काढून फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने फिरवला की डिस्क बाहेर सरकते. पकडीने ओढायची गरज नाही.

दुसरा रस्ता लेन्सचा, आणि खरी मजा इथे आहे कारण लोक 'लेन्स', 'मेकॅनिझम' (डिस्क ओढणारा-फिरवणारा सांगाडा) आणि 'पूर्ण ड्राइव्ह' हे तिन्ही एकच समजून ऑर्डर देतात. नुसती लेन्स म्हणजे पहिल्या फॅट पीएस ४ साठी साधारणपणे केईएस-४९०ए आणि स्लिम-प्रोसाठी केईएस-४९६ए. एकमेकांच्या जागी लावायला जाऊ नका, कन्सोलच्या मागचा मॉडेल नंबर आणि जुन्या लेन्सवरचा नंबर दोन्ही वाचूनच मागवा. लेन्स रुळासारख्या दांड्यांसकट येते तो प्रकार थोडा महाग पडतो पण घरी करणाऱ्याने तोच घ्यावा, जुन्या दांड्यांवर नवी लेन्स बसवताना हात फार लागतात. काही नव्या लेन्सवर स्टॅटिकपासून वाचवायला कथिलाचा एक ठिपका लावून पाठवतात, तो काढल्याशिवाय लेझर पेटत नाही, आणि मग माणूस 'डुप्लिकेट माल दिला' म्हणून रिव्ह्यू टाकतो. डुप्लिकेट माल येतोच, नाही असं नाही, म्हणून परत घेणाऱ्याकडूनच घ्या.

पूर्ण ड्राइव्ह घ्यायचा विचार असेल तर हा भाग नीट वाचा. जुन्या फॅट पीएस ४ मध्ये ड्राइव्हवर एक हिरवा बोर्ड असतो आणि त्याची मेन बोर्डशी फॅक्टरीतच गाठ मारलेली असते. दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह बोर्डासकट जसाच्या तसा लावला तर तो डिस्क आत घेईल, बाहेर देईल, पण गेम चालवणार नाही. तुमचा मूळ बोर्ड काढून नव्या ड्राइव्हवर चढवावा लागतो. मूळ बोर्डच हरवला किंवा जळाला तर डिस्क तर गेल्याच, पुढचा सिस्टिम अपडेटही अडकून बसतो, मग ऑनलाइन खेळायचेही वांधे. स्लिम आणि प्रोमध्ये हा कंट्रोलर मेन बोर्डवरच आहे, त्यामुळे ड्राइव्ह बदलणं तुलनेने सोपं. एक्सबॉक्स वनची गोष्ट फॅटसारखीच, मूळ बोर्ड जपा. पहिल्या पीएस ५ मध्येही ड्राइव्हचा बोर्ड आणि मेन बोर्ड जोडीनेच चालतात. म्हणून कोणी 'भाऊ माझ्याकडे भंगारातल्या पीएस ४ चा ड्राइव्ह आहे, फुकट घेऊन जा' म्हटलं तर मेकॅनिझम आणि लेन्ससाठी जरूर घ्या, बोर्ड तुमचाच ठेवा.

तिसरा, दुकान. मोदी नंबर २-३ च्या गल्ल्यांमध्ये मोबाइलवाले ढीगभर आहेत, त्यातले काही कन्सोलही घेतात, पण मोबाइलचा उस्ताद हा ड्राइव्हचा उस्ताद असतोच असं नाही. दुकानाचा खरा फायदा एकाच ठिकाणी आहे: सॉकेटचं लॉक तुटलं, स्ट्रिपचे पट्टे उखडले, बोर्डवरचं काही उडालं. त्याला मायक्रोस्कोप आणि हॉट एअर (गरम हवेने कथिल वितळवायचं यंत्र) लागतो, तो घरी नसतो आणि यूट्यूब पाहून येतही नाही. तिथे दुकानच, वादच नाही. पण नुसती स्ट्रिप बसवायला गेलात तर तेच दोन मिनिटांचं काम लेन्सच्या भावात पडू शकतं, आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून विचारायचं, 'काढलेला पार्ट परत द्याल का, किती दिवसांची गॅरंटी, फॅट असेल तर माझाच बोर्ड राहील ना.' तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळून गेला तर चहा पिऊन घरी या. वर्धा रोडकडून येणाऱ्यांनी कन्सोल गाडीच्या हँडलला पिशवीत लटकवून आणण्यापेक्षा मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरलेलं बरं, खड्ड्यांतून गेल्यावर नवीन काय सुटलं तेही शोधावं लागतं.

चौथा रस्ता डिजिटलचा, तो आळशी वाटतो पण काही जणांसाठी खरंच बरोबर आहे. ड्राइव्ह मेला तरी बाकी पीएस ४ ठणठणीत असतो, स्टोअरवरून घेतलेले गेम चालतात. अडचण ही की डिस्कवरून इन्स्टॉल केलेला गेम हार्ड डिस्कमध्ये पूर्ण बसलेला असला तरी डिस्क आत नसेल तर सुरू होत नाही, म्हणजे कपाटातल्या सगळ्या डिस्क शोपीस. तोच गेम परत विकत घ्यावा लागेल. शिवाय डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, डिजिटल गेम कोणाला विकता येत नाही. डाउनलोडचं म्हणाल तर ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या फायबरवर सगळं सुरळीत असेल तर तास-सव्वा तासात येतो, त्याची आता कोणाला भीती नाही. कपाटात दोन-तीनच डिस्क आहेत आणि सेलमध्येच गेम घ्यायची सवय आहे तर ड्राइव्हच्या मागे लागू नका. पण ज्याची पूर्ण गल्ली एका डिस्कवर खेळते त्या पोट्ट्यांना हा सल्ला देऊ नका, मार खाल.

नवीनच घ्यायचा विचार मनात असेल तर स्लिम पीएस ५ भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा ड्राइव्हवाला ५४,९९० आणि बिनड्राइव्हचा ४४,९९० रुपयांना होता. यात ड्राइव्ह बाहेरून काढता-लावता येतो, उद्या बिघडला तर अख्खा कन्सोल उघडायची गरज नाही, फक्त नवा लावला की पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची जोडणी करावी लागते. आणि पीएस ४ च्या जवळपास सगळ्या डिस्क त्यात चालतात. म्हणजे डिस्कचा साठा मोठा असेल तर दहा हजार वाचवायला बिनड्राइव्हचा घेणं हा उलटा हिशोब आहे.

मला विचाराल तर: उघडायच्या आधी चालत होता, तर स्वतः परत उघडा आणि स्ट्रिप बसवा. आधीच अडखळत होता आणि डीव्हीडी चालते, तर दांड्यांसकट लेन्स. सॉकेट तुटलं तर दुकान. मॉडेल फॅट असेल आणि हिरव्या बोर्डालाच काही झालं असेल तर पैसे घालू नका, आहे त्या सॉफ्टवेअरवर जे चालतं ते खेळा आणि पुढच्या कन्सोलसाठी जमवा. दुकानात द्यायचाच झाला तर जाताना एक गेम आणि एक डीव्हीडी सोबत न्या, परत घेताना दोन्ही तिथेच चालवून बघा, गेम नुसता मेनूपर्यंत नाही तर आत जाऊन थोडा वेळ खेळा, आणि काढलेली लेन्स पिशवीत टाकायला लावा.